नागपुरातील घरगुती फुलबाग

नागपूर शहरात घराच्या अंगणात, कंपाउंड वॉलच्या कडेने, गच्चीवर किंवा बाल्कनीत फुलझाडे जोपासण्याची रीत. येथील बागेचे वेळापत्रक उन्हाळ्यावर बेतावे लागते. मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंश सेल्सियसवर गेला होता, तर डिसेंबर २०१८ मध्ये किमान तापमान ३.५ अंशांपर्यंत उतरले होते. पुणे-नाशिकच्या बागेचे कॅलेंडर त्यामुळे इथे जसेच्या तसे चालत नाही.

माती बहुतेक भागांत काळी. ती पावसात फुगते, पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भेगा पडताना बारीक मुळे तुटतात. चुन्याचे प्रमाण जास्त असल्याने झाडाला लोह मिळत नाही. गुलाबाचे कोवळे पान पिवळे आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, की दुखणे हेच समजावे. त्यावर हिराकस (फेरस सल्फेट) शेणखतात मुरवून देतात. नुसता मातीत टाकला तर बराचसा वाया जातो. नव्या ले-आउटमधल्या प्लॉटवर तर मुरूम आणि बांधकामाचा मलबाच भरलेला असतो. तिथे दोन फूट खड्डा करून माती, रेती व शेणखत भरल्याशिवाय झाड धरत नाही.

लागवडीचे वर्ष मृगापासून धरतात. जास्वंद, कण्हेर, बोगनवेल यांच्या फांद्या पहिल्या पावसात लावल्या, तर फारशी देखभाल न करताही रुजतात. दसरा-दिवाळीच्या झेंडूचे बी जुलैत टाकतात. भाद्रपदात तेरडा, गोकर्ण, जास्वंद आणि पारिजातक यांवर गौरी-गणपतीची पूजा निभावते. या दिवसांत कुंड्यांची भोके बुजून पाणी साचते व मुळे कुजतात. उन्हापेक्षा यानेच जास्त कुंड्या रिकाम्या होतात.

ऑक्टोबरमध्ये गुलाबाची छाटणी होते व साधारण सहा-सात आठवड्यांत फूल येते. पिटुनिया, फ्लॉक्स, डॉग फ्लॉवर, डेलिया यांची रोपे याच सुमारास लागतात. भोसलेकालीन महाराजबाग हे उद्यान आता कृषी महाविद्यालयाकडे आहे. तेथील रोपवाटिका अनेक बागवेड्यांचा नेहमीचा थांबा आहे. हिवाळ्याचा खरा मान मात्र शेवंतीचा. रात्री मोठ्या होऊ लागल्या की ती कळी धरते. फाटकावरचा दिवा रात्रभर जळत असेल, तर उजेडाकडच्या फांद्या नुसत्या वाढत राहतात आणि अंधाराकडच्या फुलतात. कुंडी घराच्या मागे ठेवली की प्रश्न मिटतो.

मार्चच्या मध्यापासून बाग वाचवण्याचे काम सुरू होते. कुंड्या पूर्वेच्या भिंतीशी किंवा कडुनिंबाखाली हलवतात, वर ग्रीन नेट बांधतात आणि आळ्यात पालापाचोळा पसरतात. पाणी ऊन चढण्याआधी द्यावे. संध्याकाळी पाइपातले सुरुवातीचे पाणी चटका बसण्याइतके तापलेले असते, ते आधी सोडून द्यावे लागते. तरीही हा ऋतू फुलांवाचून जात नाही. डिसेंबरात पाणी तोडून जानेवारीत छाटलेला मोगरा खत-पाणी मिळताच मार्च-एप्रिलपासून कळ्या देतो. संध्याकाळी तोडलेल्या टपोऱ्या कळ्या रात्री ओंजळीत उमलतात. बोगनवेलीला तर पाण्याचा ताणच मानवतो, रोज पाणी घातले की ती पानांनीच भरते.

अंगणाच्या आखणीत पश्चिमेला सावली देणारे झाड हवे. फुलझाडांचे वाफे त्याच्या पूर्वेला ठेवले, की दुपारनंतरचे ऊन चुकते. सिव्हिल लाइन्समधील जुन्या बंगल्यांना मोठ्या झाडांची अशी सावली आयती मिळाली आहे. लहान प्लॉटवर लॉनचा सोस महाग पडतो: मे महिन्यात पाणी त्याच्यावरच संपते. हौस असेलच, तर देशी हरळी बरी. ती उन्हात वाळली तरी पहिल्या पावसात पुन्हा फुटते. अलीकडे सगळे अंगण पेव्हर ब्लॉकने झाकण्याची पद्धत पडली आहे. ते दिवसभर तापतात आणि कडेची रोपे रात्रीही भाजून काढतात.