सरकणारी संक्रांत

2024 च्या जानेवारीत आमच्या दादरच्या इमारतीत हळदीकुंकवाच्या तारखेवरून दोन मते पडली. खालच्या फळ्यावर 15 जानेवारी असे लिहिले होते, आणि ‘संक्रांत दरवर्षी 14 तारखेलाच असते’ या खात्रीने कोणीतरी ते खोडले. पंचांग उघडल्यावर 15 तारीखच बरोबर ठरली. मात्र त्यानिमित्ताने दोन समजुती किती खोलवर रुजल्या आहेत हे जाणवले. संक्रांतीची तारीख कायमची ठरलेली आहे ही पहिली, आणि त्या दिवशी सूर्य उत्तरेकडे वळून दिवस तिळातिळाने मोठा होऊ लागतो ही दुसरी. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि दोन्हींमागे पृथ्वीची एकच अतिशय संथ हालचाल आहे.

दुसरी समजूत तपासणे सोपे आहे. मुंबईत वर्षातला सर्वांत लहान दिवस 21 किंवा 22 डिसेंबरला येतो आणि तो जेमतेम अकरा तासांचा असतो. सूर्य उत्तरेकडे वळतो तो त्याच वेळी. 14 जानेवारी उजाडेपर्यंत दिवस सुमारे सात मिनिटांनी वाढलेला असतो. म्हणजे दादरच्या बाजारात सुगडी आणि हलव्याचे दागिने मांडले जातात, तेव्हा उत्तरायण सुरू होऊन तीन आठवडे उलटलेले असतात.

सूर्याच्या या वळणाची दखल उत्तर गोलार्धातील अनेक समाजांनी घेतली. आयर्लंडमधील न्यूग्रेंज येथे इसवी सनापूर्वी 3200 च्या सुमारास बांधलेल्या दगडी समाधीत, वर्षातील सर्वांत लहान दिवसांच्या पहाटे उगवत्या सूर्याची तिरीप सतरा मिनिटे आतल्या दालनापर्यंत पोहोचते. इराणी कुटुंबे यल्दाच्या, म्हणजे वर्षातील सर्वांत मोठ्या रात्री डाळिंबे आणि कलिंगडे खात, कविता वाचत जागतात. चीनमध्ये सर्वांत लहान दिवसाचा डोंगझी हा सण साजरा होतो आणि जपानमध्ये त्याच दिवशी युझू हे लिंबाच्या जातीचे फळ घातलेल्या गरम पाण्याने स्नान करतात. हे सण थेट सूर्यस्थितीला बांधलेले असल्यामुळे ते जागचे हलत नाहीत. स्वीडनमधील लुसियाच्या सणाचे तसे झाले नाही. मेणबत्त्यांचा मुकुट घालून साजरा होणारा हा सण 13 डिसेंबरला येतो, कारण चौदाव्या शतकात, जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेत, सर्वांत मोठी रात्र त्या तारखेच्या आसपास येत असे. पुढे 1753 मध्ये स्वीडनने दिनदर्शिका सुधारली, पण लुसिया 13 तारखेलाच राहिली. वांद्र्याच्या गल्ल्यांत 31 डिसेंबरच्या मध्यरात्री ‘ओल्ड मॅन’ जाळून ज्या नववर्षाचे स्वागत होते, त्या 1 जानेवारीला तर आकाशातील कोणत्याही घटनेचा आधार नाही. इसवी सनापूर्वी 153 पासून रोमचे कॉन्सल, म्हणजे तेथील सर्वोच्च अधिकारी, त्या दिवशी अधिकारपद स्वीकारू लागले, एवढेच तिचे मूळ.

आपली संक्रांत या सर्वांहून वेगळी आहे. ती तारखेला बांधलेली नाही आणि ऋतूलाही नाही. ती ताऱ्यांना बांधलेली आहे. सूर्य ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर मकर राशीत प्रवेश करतो तो क्षण म्हणजे मकरसंक्रमण. ऋतूंचे वर्ष आणि ताऱ्यांचे वर्ष सारख्याच लांबीचे असते, तर काहीच बिघडले नसते. परंतु ऋतूंचे वर्ष 365 दिवस 5 तास 49 मिनिटांचे आहे आणि ताऱ्यांचे 365 दिवस 6 तास 9 मिनिटांचे. ही वीस मिनिटे कोठून आली, हा मला खगोलशास्त्रातील सर्वांत सुंदर प्रश्न वाटतो.

पृथ्वी परिपूर्ण गोल नाही. स्वतःभोवती फिरत असल्यामुळे ती विषुववृत्तापाशी फुगलेली आहे. तेथील तिचा 12,756 किलोमीटरचा व्यास दोन ध्रुवांमधील अंतराहून सुमारे 43 किलोमीटर अधिक आहे. त्यातच तिचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. त्यामुळे सूर्य आणि चंद्र या फुगवट्याला ओढतात तेव्हा ती ओढ समतोल राहत नाही. फुगवट्याचा जवळचा भाग दूरच्या भागापेक्षा किंचित अधिक ओढला जातो आणि कललेल्या पृथ्वीला सरळ उभे करू पाहणारे बल निर्माण होते. या कामात चंद्राचा वाटा सुमारे दोन तृतीयांश आहे. पृथ्वी स्थिर असती, तर ती खरोखरच सरळ होऊ लागली असती. पण फिरणारी वस्तू ढकललेल्या दिशेने कलत नाही. तिचा आस त्या दिशेशी काटकोनात सरकतो. भोवरा मंदावताना त्याची मान वर्तुळात डोलते ती याचमुळे. फरक एवढाच की, गुरुत्वाकर्षण भोवऱ्याला आडवे पाडू पाहते, म्हणून त्याची मान तो ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने डोलते. पृथ्वीला मात्र उभे करण्याचा प्रयत्न चालू असतो, म्हणून तिचा आस परिवलनाच्या उलट दिशेने वर्तुळ काढतो. एका वर्तुळाला सुमारे 25,800 वर्षे लागतात. या गतीला परांचन म्हणतात.

आस फिरला की ज्या बिंदूंवर सूर्य आल्याने ऋतू बदलतात, ते संपातबिंदू आणि अयनबिंदूही ताऱ्यांच्या संदर्भात मागे सरकतात, दरवर्षी सुमारे 50 विकला (एक विकला म्हणजे अंशाचा 3,600 वा भाग). सूर्य पूर्ण फेरी मारून त्याच ताऱ्यापाशी पोहोचण्याआधीच अयनबिंदू त्याला सामोरा येतो. सूर्य रोज सुमारे एक अंश, म्हणजे 3,600 विकला चालतो. 50 विकलांचे अंतर कापायला त्याला वीस मिनिटे लागतात. हीच ती वीस मिनिटे.

वीस मिनिटे साठत जातात आणि सुमारे 72 वर्षांत त्यांचा एक दिवस होतो. आपली रोजची दिनदर्शिका ऋतूंच्या वर्षाला धरून चालते, म्हणून संक्रांत 72 वर्षांना एक दिवस पुढे जाते. 14 आणि 15 तारखांमधील हेलकावा निराळा आहे: संक्रमणाचा क्षण दरवर्षी सहा तास नऊ मिनिटांनी पुढे जातो आणि लीप वर्षाचा जादा दिवस त्याला पुन्हा मागे ओढतो. 2024 मध्ये तो क्षण 14 तारखेची मध्यरात्र उलटून गेल्यावर आला होता, म्हणून सण 15 तारखेचा झाला.

याला इतिहासाची साक्ष आहे. स्वामी विवेकानंदांचा जन्म मकरसंक्रांतीचा, आणि तारीख होती 12 जानेवारी 1863. आणखी मागे गेल्यास एका प्रिय समजुतीला धक्का बसतो. 14 जानेवारी 1761 रोजी, पानिपतावर, मराठ्यांवर संक्रांतीच्याच दिवशी ‘संक्रांत कोसळली’ असे आपण लहानपणापासून ऐकतो. गणित केले, तर त्या वर्षी सूर्याने मकर राशीत प्रवेश केला तो 10 जानेवारीच्या सुमारास. पानिपतचे दुःख त्याने तसूभरही कमी होत नाही, पण त्याचे खापर संक्रांतीवर फोडता येत नाही. दर जानेवारीत ‘यंदा संक्रांत अमुक वाहनावर बसून येते आहे, अमुक रंग नेसू नका’ असे संदेश फिरतात आणि अनेक घरांत बायका खरोखर धास्तावतात. ज्या क्षणाला एवढे घाबरायचे, तो राशीचक्राचा आरंभ आपण कोठे मानतो यावर अवलंबून आहे. बहुतेक पंचांगे चित्रा ताऱ्याच्या आधाराने तो ठरवतात. टिळक पंचांग रेवतीचा आधार घेते, म्हणून त्यात संक्रांत सुमारे चार दिवस आधी, 10 जानेवारीच्या आसपास येते. सूर्य तोच, आकाशही तेच.

याच चित्रा ताऱ्याच्या जुन्या नोंदी स्वतःच्या निरीक्षणाशी ताडून ग्रीक ज्योतिर्विद हिपार्कस याने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात हे सरकणे ओळखले. आपल्याकडे वेदांगज्योतिष या प्राचीन ग्रंथात उत्तरायणाचा आरंभ धनिष्ठा नक्षत्रापासून सांगितला आहे. सहाव्या शतकात ज्योतिर्विद वराहमिहिराने स्पष्ट लिहिले की, पूर्वशास्त्रांत तसे म्हटले आहे म्हणजे कधीकाळी ते तसे असेलही, पण सध्या उत्तरायण मकरारंभापासून होते, आणि अशी तफावत प्रत्यक्ष परीक्षणाने जाणावी. त्याच्या काळी हे विधान जवळजवळ अचूक होते, कारण मकरसंक्रमण आणि सर्वांत लहान दिवस तिसऱ्या शतकाच्या अखेरीस एकत्र येत होते. आज उत्तरायणाच्या आरंभी सूर्य ‘मूळ’ नावाच्या नक्षत्रात असतो.

वराहमिहिराने सांगितलेले परीक्षण मुंबईतही करता येते. पश्चिमेकडे मोकळी गच्ची हवी. 21 डिसेंबरला ठरलेल्या जागी उभे राहून सूर्य नेमका कोठे बुडतो, हे समोरच्या एखाद्या इमारतीच्या कडेवरून किंवा पाण्याच्या टाकीवरून टिपून ठेवावे आणि संक्रांतीच्या संध्याकाळी पतंग उतरवल्यावर त्याच जागी पुन्हा उभे राहावे. मावळता सूर्य त्या खुणेच्या उजवीकडे, स्वतःच्या बिंबाच्या सुमारे चौपट अंतरावर, उत्तरेकडे सरकलेला दिसेल.