‘डीसीसी रेडी’ की ‘डीसीसी साउंड’? एन गेजचं वाफेचं इंजिन घेताना

एन गेज म्हणजे छोट्या मापाची मॉडेल रेल्वे. तिच्या इंजिनाच्या खोक्यावर कधी ‘डीसीसी रेडी’ छापलेलं असतं, कधी ‘डीसीसी साउंड’. ‘रेडी’ वाचलं की इंजिन डिजिटल कंट्रोलवर (डीसीसी म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोल) चालायला तयार आहे, असा नव्या हौशी माणसाचा समज होतो, आणि किंमतही बरीच कमी असते. प्रत्यक्षात रेडी इंजिनात डिकोडर, म्हणजे डिजिटल हुकूम ओळखून मोटर चालवणारा छोटा सर्किट बोर्ड, नसतोच. तो बसवायचा सॉकेट तेवढा असतो आणि तोवर त्यात रुळांची वीज थेट मोटरला जोडणारा एक ब्लँकिंग प्लग खोचलेला असतो. साउंड इंजिनात डिकोडर, स्पीकर आणि आवाजांची फाइल हे सगळं कारखान्यातूनच येतं. दोन्हींच्या मध्ये ‘डीसीसी फिटेड’ नावाचा तिसरा प्रकार आहे: डिकोडर आहे, पण मुका. त्याला पुढे आवाज हवा झाला तर तो डिकोडर सहसा काढून दुसरा घ्यावा लागतो.

हा फरक पैशांपुरता नाही. साध्या डीसी (एकाच दिशेच्या विजेच्या) पद्धतीत रुळांतला व्होल्टेज वाढवला की इंजिन पळतं, उतरवला की थांबतं. डीसीसीत रुळांवर कायम पूर्ण व्होल्टेज असतो, एन गेजला साधारण १२ ते १४ व्होल्ट, आणि त्याची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटत असते. त्या उलटण्यातच हुकूम दडलेले असतात. अर्धं आवर्तन ५८ मायक्रोसेकंदांचं असेल तर १, सुमारे १०० किंवा त्याहून लांब असेल तर ०. डिकोडर स्वतःच्या पत्त्याचा हुकूम तेवढा ऐकतो (नव्या डिकोडरचा पत्ता ३ असतो) आणि मोटरला लागेल तेवढी वीज सोडतो. आता डिकोडर न बसवलेलं रेडी इंजिन या रुळावर ठेवलं तर ती उलटसुलट वीज थेट मोटरमध्ये जाते. इंजिन जागेवर गुणगुणतं, तापतं, आणि मोटर कोअरलेस (लोखंडी गाभा नसलेली) असेल तर ती लवकर जळू शकते. नाव ‘रेडी’ असलं तरी डीसीसीच्या रुळावर ते तसंच ठेवायचं नाही.

डिझेल इंजिन असेल तर मी रेडी घ्यायला कोणालाही अडवणार नाही. चौकोनी खोक्यासारख्या त्या देहात बऱ्याचदा जागा सापडते. वाफेच्या इंजिनाचं तसं नाही. बॉयलर गोल आणि अरुंद, त्यात मोटर, गिअर आणि रुळावर पकड राहावी म्हणून घातलेलं वजन. डिकोडर आणि स्पीकरला उरतो तो टेंडर, म्हणजे इंजिनामागचा इंधन-पाण्याचा डबा. अमेरिकेतल्या युनियन पॅसिफिक रेल्वेचं ८४४ घ्या. १९४४ साली आल्को कंपनीने बांधलेलं हे मोठं ४-८-४ (पुढे चार, मध्ये आठ, मागे चार चाकांचं) इंजिन १:१६० मध्ये, म्हणजे १६० पट लहान केल्यावर, टेंडरसकट जेमतेम २२ सेंटिमीटरचं होतं. टेंडर नसलेल्या लहान टँक इंजिनात तर काही मिलिमीटरसाठी झगडावं लागतं.

म्हणून रेडी इंजिन घेताना सॉकेट कुठला आहे हे आधी विचारा. जुना ६ पिनांचा सॉकेट असेल तर दोन पिना रुळांच्या, दोन मोटरच्या, दोन दिव्यांच्या, आणि तिथेच संपलं. स्पीकरला पिन नाही. म्हणजे डिकोडरला बारीक तारा सोल्डर करणं आलं. १८ पिनांच्या नेक्स्ट१८ सॉकेटमध्ये स्पीकरसाठी दोन पिना राखलेल्या असतात, शिवाय त्या सॉकेटच्या इंजिनात कधीकधी स्पीकरची खाचही तयार मिळते. अशी खाच असेल तर रेडी इंजिन घेण्यात खरंच अर्थ आहे. आणखी एक: स्पीकर बंद डबीतच बसायला हवा. उघडा ठेवला तर पडद्याच्या मागची हवेची लाट पुढच्या लाटेला मारते आणि आवाज पिचका निघतो. सात-आठ मिलिमीटरसाठी टेंडरचं वजन कापणाऱ्यांनी ही डबी विसरू नये.

आता ज्यासाठी हा खटाटोप, तो आवाज. दोन सिलिंडरच्या इंजिनात पिस्टनला दोन्ही बाजूंनी वाफ मिळते आणि दोन्ही बाजूंचे क्रँक एकमेकांशी ९० अंशांत असतात, म्हणून चाकाच्या एका फेरीत चार ‘भक्’. ब्रिटनच्या मॅलार्डसारख्या तीन सिलिंडरच्या इंजिनात सहा. युनियन पॅसिफिकच्याच अवाढव्य बिग बॉय इंजिनात चाकांचे दोन स्वतंत्र संच, प्रत्येकाचे चार ठोके, आणि ते दोन संच हळूहळू एकमेकांच्या पुढेमागे सरकतात. त्यामुळे ठोके कधी एकत्र येतात, कधी फुटतात. ऐकायला यापेक्षा सुंदर काही मला तरी माहीत नाही. इतक्या लहान इंजिनात चाकावर सेन्सर क्वचितच असतो. डिकोडर मोटरच्या वेगावरून ठोके जुळवतो, आणि ते जुळलेत की नाही हे पट्टीने मोजता येतं. ८४४ चं मोठं चाक ८० इंचांचं, म्हणजे १:१६० ला १२.७ मिलिमीटर व्यासाचं. घेर जवळजवळ ४ सेंटिमीटर. म्हणजे दर सेंटिमीटरला एक भक्. रुळाशेजारी पट्टी ठेवून इंजिन अगदी सावकाश चालवा आणि मोजा. कारखान्यातून आलेल्या साउंड इंजिनात हे सहसा जुळवून दिलेलं असतं. स्वतः डिकोडर बसवलात तर सीव्ही (डिकोडरमधल्या आकड्यांच्या सेटिंग्ज) बदलत बसून जुळवावं लागतं.

घरी अजून डीसी कंट्रोलरच असेल तरी साउंड इंजिन घ्यायला हरकत नाही. बहुतेक साउंड डिकोडर डीसीवर चालतात, मात्र ते जागे व्हायलाच काही व्होल्ट लागतात, त्यामुळे इंजिन उशिरा हलतं. शिट्टीचं बटण मिळत नाही, आणि व्होल्टेज शून्यावर आणला की इंजिनाबरोबर आवाजही बंद पडतो. स्टेशनात उभं राहून सुस्कारे टाकणारं इंजिन हवं असेल तर डीसीसीला पर्याय नाही.

माझं मत स्पष्ट आहे: एन गेजचं वाफेचं इंजिन आवाजासाठी घ्यायचं असेल तर साउंडच घ्या. रेडी घेऊन नंतर डिकोडर, स्पीकर, डबी आणि सोल्डरिंगची मजुरी जोडली की वाचलेले पैसे बहुधा तिथेच जातात. साउंड घेताना टेंडरची चाकंही रुळातून वीज घेतात का आणि आत स्टे-अलाइव्ह कपॅसिटर (क्षणभर वीज तुटली तरी डिकोडर चालू ठेवणारा साठा) आहे का, हे विचारा. नाहीतर रूळ जरा मळला की आवाज तुटून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. घरी आणल्यावर पहिलं काम आवाज कमी करण्याचं. ईएसयू कंपनीच्या लोकसाउंड डिकोडरमध्ये त्यासाठी सीव्ही ६३ आहे. कारखान्यातून आवाज बराच वर ठेवलेला असतो. तो निम्म्यावर आणला की छोट्या स्पीकरची चरचर जाते आणि भक् जरा भरीव वाटतो.