थकलेला टोल आणि ई-चलन: गुजरातला जाऊन आल्यावर आधी हे तपासा

घोडबंदर रोडने निघायचं, खानिवडे आणि चारोटीचे टोलनाके मागे टाकून अच्छाडला राज्याची हद्द ओलांडायची आणि वापी-सुरतला जाऊन यायचं, हा ठाणेकरांच्या सवयीचा रस्ता. परत आल्यावर मोबाइलवर 'रक्कम थकीत' असा मेसेज दिसतो आणि सोसायटीच्या ग्रुपवर विचारणा होते, 'चलन आलंय, भरून टाकू का?' पण ते चलन आहे की थकलेला टोल, हे आधी बघायला हवं. पैसे द्यायचे एवढं सोडलं तर दोन्हींत फारसं साम्य नाही.

टोल म्हणजे रस्ता वापरल्याचं शुल्क. फास्टॅग ब्लॅकलिस्टमध्ये असेल, म्हणजे शिल्लक नसल्यासारख्या कारणाने बंद केलेला असेल, तर त्याचा फटका नाक्यावरच बसतो. १५ नोव्हेंबर २०२५ पासून राष्ट्रीय महामार्गांवर अशा वेळी यूपीआयने सव्वापट भरावे लागतात. म्हणजे १०० रुपयांच्या टोलचे १२५. तिथे भरलं की विषय संपला.

घोळ होतो तो गाडी न अडता पुढे गेली तर. सुरतजवळच्या चोर्यासी नाक्यावर अडथळ्याशिवाय टोल घेण्यासाठी महामार्ग प्राधिकरणाने ऑगस्ट २०२५ मध्ये करार केला. या पद्धतीत टॅग आणि नंबरप्लेट धावत्या गाडीवरच वाचली जाते. टॅगमधून पैसे कापले गेले नाहीत, तरी गाडी गेल्याची नोंद राहते. जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली आणि राष्ट्रीय महामार्गावरचा असा न भरलेला टोल थेट गाडीच्या कागदपत्रांशी जोडला गेला. तो चुकता होईपर्यंत मालकी बदलायला किंवा गाडी कायमची दुसऱ्या राज्यात न्यायला एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र) मिळत नाही, फिटनेसचं, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याच्या प्रमाणपत्राचं, नूतनीकरण होत नाही आणि व्यावसायिक गाडीला नॅशनल परमिट (देशभर चालवण्याचा परवाना) मिळत नाही.

खासगी कारवाल्याला हे वर्षानुवर्षं जाणवणारही नाही, कारण त्याचा फिटनेसशी संबंध पंधरा वर्षांनी येतो. टेम्पो-टॅक्सीवाल्याला मात्र गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस लागतो. एका थकलेल्या टोलपायी त्याचा धंदा बंद पडू शकतो. म्हणून गाडी भाड्याने चालवणाऱ्यांनी याकडे आधी लक्ष द्यावं, असं मला कळकळीने वाटतं.

ई-चलन हा दंड आहे. वेग, सिग्नल, सीटबेल्ट असा काही नियम मोडल्याचा तो आरोप असतो, त्यामुळे तो नाकारताही येतो. चलनासोबतचा फोटो उघडून नंबरप्लेट, ठिकाण आणि वेळ नीट पाहा. गाडी तुमची नसेल तर तक्रार करा. चलनाचं प्रकरण कोर्टात जाऊ शकतं आणि काही वेळा लोकअदालतीतही निघतं. काही गंभीर गुन्ह्यांत तर लायसन्स निलंबित होऊ शकतं. टोल थकल्याने लायसन्सला धक्का लागत नाही.

शोधायच्या जागाही वेगळ्या. महाराष्ट्रातलं चलन राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक पोर्टलवर दिसतं. तिथे सगळं कोरं दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. हद्दीपलीकडच्या चलनासाठी परिवहनच्या केंद्रीय ई-चलन पोर्टलवरही गाडीचा नंबर टाकून पाहा. टोलसाठी ज्या बँकेचा फास्टॅग आहे तिच्या ॲपमधलं स्टेटमेंट उघडा. एकाच नाक्यावर दोनदा पैसे कापले गेले असतील, तर वाहतूक पोलिसांकडे जाऊन उपयोग नाही. बँकेकडे तक्रार नोंदवा किंवा महामार्गाच्या १०३३ या हेल्पलाइनला फोन करा.

व्हॉट्सॲपवर चलनाच्या नावाने एपीके फाइल (मोबाइलमध्ये ॲप बसवणारी फाइल) आली तर ती अजिबात उघडू नका. ती फसवणूक आहे. मेसेजमधल्या लिंकवर पैसे न भरता पोर्टल स्वतः उघडा.

ठाण्याची, एमएच-०४ ची गाडी सुरतच्या कुणाला विकत असाल, तर व्यवहार ठरण्याआधीच फास्टॅगचं स्टेटमेंट आणि दोन्ही पोर्टल्स पाहून घ्या. ठाणे आरटीओत एनओसीसाठी फॉर्म २८ भरायचा असतो, आणि तोवर टोलची थकबाकी शून्य झालेली असली पाहिजे. गाडी दिल्यावर तुमच्या खात्याचा फास्टॅगही बंद करा, नाहीतर नव्या मालकाचा टोल तुमच्या पैशातून कापला जाईल.