शोभिवंत माशांचा संकर

काचेच्या टाकीत पाळायच्या माशांच्या दोन वेगळ्या जातींची जोडी लावून तिसऱ्याच रूपाची पिल्ले काढणे, याला शोभिवंत माशांचा संकर म्हणतात. ठाणे आणि नवी मुंबईतल्या दुकानांत रोज विकले जाणारे फ्लॉवरहॉर्न व पॅरट हे मासे अशाच संकरातून आले. साधे म्हणून घेतलेले प्लॅटी आणि स्वॉर्डटेलही बहुतेक मिश्र वंशाचे असतात. असा संकर करावा की नाही, हा शौकिनांमधला जुना वाद आहे. वाद रंगतो तो जोडी लावण्यावरून. अवघड प्रश्न मात्र त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी येतो, पिल्ले निवडायला घेतल्यावर.

हायब्रीड आणि गावठी

दुकानातल्या बोलीत ‘हायब्रीड’ या शब्दाचा जीवशास्त्राशी फारसा संबंध उरलेला नाही. १९६० च्या दशकात संकरित ज्वारी आली, तेव्हापासून मराठीत हायब्रीड म्हणजे टपोरे, चकचकीत, भरघोस आणि चवीला सपक. टोमॅटोला चिकटलेला हा शब्द माशालाही चिकटला. रुंद, झुपकेदार शेपटीचा गप्पी तो हायब्रीड आणि नाल्यातला करडा, बारीक गप्पी तो गावठी. प्रत्यक्षात दोघे एकाच जातीचे. पहिला पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवलेला, दुसरा डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून कधीतरी सोडलेल्या माशांचा वंशज. पहिला निवड पैदाशीतून आला, संकरातून नव्हे.

हा भेद शास्त्रापुरता ठीक आहे, नीतीसाठी फारसा कामाचा नाही. डोळ्यांखाली पाण्याच्या पिशव्या लोंबणारा बबल-आय गोल्डफिश कोणत्याही परक्या जातीशी न मिसळता, केवळ निवडीतून घडला. त्याला धड पोहता येत नाही, समोरचे नीट दिसत नाही आणि टाकीतल्या खडबडीत दगडाला घासून पिशवी फुटते. उलट कित्येक संकरित स्वॉर्डटेल ठणठणीत आयुष्य काढतात. तेव्हा संकर म्हणजे क्रूरता आणि शुद्ध वंश म्हणजे सदाचार, हे समीकरण पहिल्याच टाकीपाशी मोडते.

‘संकर’ या शब्दामागे वर्णसंकराची जुनी भीतीही उभी आहे. ‘शुद्ध रक्त’, ‘भेसळीचा माल’, ‘लाइन बाटली’ अशी भाषा शौकिनांच्या तोंडी सहज येते आणि ऐकणाऱ्याला अवघडल्यासारखे होते. माशाला कुळाचा अभिमान नसतो. जाती वेगळ्या ठेवायला कारणे आहेत, पण पावित्र्य हे त्यांतले नव्हे.

पॅरट

ब्लड पॅरट हा मासा १९८६ च्या सुमारास तैवानमध्ये तयार झाला. सिक्लिड या गोड्या पाण्यातल्या माशांच्या कुळातल्या, मध्य अमेरिकेतल्या मिडास सिक्लिड आणि रेडहेड सिक्लिड यांचा तो संकर मानला जातो. आपल्याकडे त्याला नुसते पॅरट म्हणतात. शेंदरी रंग, गोलमटोल अंग, चेहऱ्यावर कायमचे आश्चर्य. मुले टाकीपुढून हलत नाहीत.

त्याला दाणा टाकल्यावर काचेजवळ जाऊन पाहावे. इतर सिक्लिड तोंड पुढे काढतात, दाणा उचलतात आणि तोंड मिटतात. पॅरटचे तोंड म्हणजे एक बारीक उभी चीर, ती पुरती मिटत नाही. तो दाणा ओढतो, थुंकतो, पुन्हा ओढतो आणि शेवटी घशातल्या दातांनी चिरडतो. थोडा भुगा कल्ल्यांतून बाहेर उडतो. शेजारी चपळ मासा असला तर तो भुगाही त्याच्याच पोटात जातो. कण्याची ठेवण वाकडी आणि वाताशय, म्हणजे तरंगायला मदत करणारी पोटातली हवेची पिशवीही धड नाही, म्हणून पोहणे डुलत डुलत. त्याच डुलण्याला गिऱ्हाईक ‘क्यूट’ म्हणते.

नर सहसा वांझ निघतो. मादी मात्र अंडी घालते, त्यांच्यावर पंख हलवत राखण करते आणि दोन दिवसांत अंडी पांढरी पडून बुरशी धरतात. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. हे पाहिलेल्या माणसाला ‘मासाच तो, त्याला काय कळतंय’ हे वाक्य तितक्या सहज म्हणता येत नाही.

पॅरटच्या बाबतीत संकराबरोबर आणखी दोन उद्योग आले. हृदयाच्या आकाराचा म्हणून विकला जाणारा बिनशेपटीचा पॅरट जन्मतः तसा नसतो, लहानपणीच त्याची शेपटी छाटलेली असते. जांभळा किंवा निळा पॅरट रंगवलेला असतो आणि रंग काही महिन्यांत उतरतो. भारतीय नद्यांतल्या पारदर्शक काचमाशालाही अशाच सुया टोचून रंग भरला जाई. पैदाशीच्या नीतीवर मतभेद होऊ शकतात, इथे ते होण्याचे कारण नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात ‘प्राणी’ म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव. त्यात मासा आलाच, आणि प्राण्याचे अंग तोडणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे.

फ्लॉवरहॉर्न आणि उरलेली पिल्ले

फ्लॉवरहॉर्न १९९० च्या दशकात मलेशिया आणि तैवानमधल्या पैदासकारांनी मध्य अमेरिकेतल्या अनेक सिक्लिडांची सरमिसळ करून घडवला. त्याचे नैसर्गिक घर जगात कुठेच नाही. कपाळावरचा फुगवटा ही त्याची किंमत. इथले शौकीन त्याला ‘हेड’ म्हणतात आणि भेटल्यावर पहिला प्रश्न ‘हेड आलं का?’ हाच असतो. अंगावरच्या काळ्या ठिपक्यांत चिनी अक्षरे दिसली तर भाव वाढतो. भारतात या माशाला वास्तुशास्त्राने उचलून धरले. घरावरचे संकट तो अंगावर घेतो अशी समजूत असल्याने मासा मेला तरी मालक समाधानी, असा हा विलक्षण व्यवहार आहे.

एका खेपेला शेकड्यांनी पिल्ले निघतात. त्यांतली भरघोस हेड, ठसठशीत मोती म्हणजे अंगावरचे चमकदार ठिपके आणि लालबुंद छाती घेऊन येणारी मूठभर. हा वंश मुळातच अनेक जातींचा काला असल्याने पिल्ले आईबापांसारखी निघतील याचा भरवसा नसतो. शिवाय कामफा नावाच्या प्रकारातले नर बहुधा वांझ, म्हणून चांगला नर सापडला तरी त्याचा वंश पुढे जाईलच असे नाही. परिणामी प्रत्येक खेप म्हणजे लॉटरी, आणि बाकीची पिल्ले हे हरलेले तिकीट. शुद्ध जातीच्या पैदाशीतही उरलेली पिल्ले असतात. पण तिथे बहुतेक विकण्याजोगी निघतात, इथे प्रमाण उलटे होते. संकरावरचा सर्वांत वजनदार आक्षेप हाच आहे.

कोपरखैरणे किंवा वागळे इस्टेटच्या वन-रूम-किचनमध्ये ही पिल्ले कुठे मावणार? हा मासा फूटभर वाढतो, भांडखोर असतो, प्रत्येकाला स्वतंत्र टाकी लागते. ओळखीच्यांना फुकट वाटून झाले की काही दुकानदाराला पाण्याच्या भावात जातात, काही अरोवाना या मोठ्या शिकारी माशाचे जिवंत खाद्य होतात. बरीचशी टॉयलेटमध्ये जातात. हे कोणी उघड बोलत नाही. उरलेली तलावात.

नाव सांगण्याची जबाबदारी

जाती वेगळ्या ठेवण्याचे खरे कारण नोंद हे आहे. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे सिक्लिड आपल्याकडे ‘मिक्स आफ्रिकन’ म्हणून एकाच टाकीतून विकले जातात. कित्येक जातींच्या माद्या एकसारख्या मळकट दिसतात. स्वजातीचा नर नसला की मादी शेजारच्या जातीचा पत्करते आणि पिशवीवर नाव नसलेली पिल्ले तयार होतात. असे निसर्गातही घडते. व्हिक्टोरिया सरोवराचे पाणी गढूळ झाल्यावर माद्यांना नरांचे रंग ओळखता येईनात आणि जातींमधल्या सीमा पुसट झाल्या, हे जीवशास्त्रज्ञ ओले झेहाउझेन व सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखवून दिले. त्या सरोवरातल्या कित्येक जाती नाईल पर्च या सोडलेल्या माशाने संपवल्या, आणि काही आज केवळ पाळणाऱ्यांच्या टाक्यांत उरल्या आहेत. अशा जातीची एक टाकी नकळत मिसळली, तर गेलेले परत आणता येत नाही.

एंडलरचेही तेच. व्हेनेझुएलातल्या छोट्याशा प्रदेशातला हा बोटाच्या पेराएवढा मासा २००५ मध्ये स्वतंत्र जात म्हणून नोंदला गेला. गप्पीशी तो सहज जुळतो आणि पिल्लेही प्रजननक्षम होतात. म्हणून जाणते शौकीन त्याचे तीन वर्ग करतात. मूळ ठिकाणापर्यंत वंशावळ सांगता येते तो एन, दिसायला तसाच पण कागद नाही तो पी, आणि संकर तो के. के वर्गाचा मासा पाळण्यात काहीच कमीपणा नाही, तो एन म्हणून विकणे ही फसवणूक. नेरूळमध्ये कुणी गॅलरीतल्या टबात एंडलर ठेवतो, आई त्याच टबात डासांसाठी नाल्यातले चार गप्पी टाकते, आणि एका पावसाळ्यात वर्ग बदलतो.

प्लॅटी आणि स्वॉर्डटेल यांच्या संकरात वेगळीच जोखीम आहे. प्लॅटीच्या काळ्या ठिपक्यांचा जनुक आणि त्याला आवरणारा जनुक वेगवेगळ्या गुणसूत्रांवर असतात. संकरित पिल्लाचा पुन्हा स्वॉर्डटेलशी जोड लावला की काहींमध्ये आवरणारा जनुक गळतो आणि ठिपक्यांची गाठ होते, म्हणजे चक्क त्वचेचा कर्करोग. मायरन गॉर्डन आणि कुर्ट कॉसविग या शास्त्रज्ञांनी १९२० च्या दशकात हे उकलले आणि कर्करोग संशोधनाला त्यातून एक प्रयोगप्राणी मिळाला. काळे डाग असलेला संकरित स्वॉर्डटेल पुन्हा स्वॉर्डटेललाच लावू नये, एवढी माहिती दुकानात मिळायला हरकत नसावी.

निळ्या प्रकाशात चमकणारे हिरवे-गुलाबी झेब्रा मासे हायब्रीड म्हणून विकले जातात, पण ते संकरित नव्हेत. त्यांच्यात परक्या जिवाचा जनुक घातलेला असतो. असे जीव भारतात आणायला किंवा विकायला १९८९ च्या नियमांखाली केंद्राची परवानगी लागते. मूळ झेब्रा मासा आपल्याच उपखंडातला असल्याने इथे जास्त सावधपणा हवा.

तलावांच्या शहरात

ठाण्यात आज पस्तीसच्या आसपास तलाव आहेत. मासुंद्याच्या काठी, कोपिनेश्वराच्या देवळाजवळ माशांना कुरमुरे टाकणे हे पुण्य, आणि नकोसा झालेला मासा पाण्यात सोडणे म्हणजे त्याची सुटका, अशी भावना आहे. भावना चांगली, परिणाम वाईट. इंडोनेशियाच्या सुलावेसी बेटावरच्या मटानो सरोवरात फ्लॉवरहॉर्न असाच पोचला. जगात अन्यत्र कुठे नसलेल्या माशांच्या त्या सरोवरात तो आता ठाण मांडून आहे. सिंगापूर-मलेशियातही टाकीतून काढलेले फ्लॉवरहॉर्न मोकळ्या पाण्यात सापडले.

नवी मुंबईत पाण्याची रचनाच वेगळी. सिडकोच्या धारण तलावांत पावसाचे पाणी साठते आणि ओहोटीला झडपांतून खाडीत जाते. तलावात टाकलेला मासा तिथेच राहील याची हमी नाही. पलीकडे ठाणे खाडीचे फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही आहे. चिलापी (तिलापिया) ही परदेशी मासळी या पाण्यांत केव्हाच स्थिरावली आहे. १९५२ मध्ये ती भारतात आणली तेव्हा हेतू उत्तमच होता. आफ्रिकन मांगूरवर २००० पासून बंदी आहे, तरी तो चोरून पोसला जातो. त्याचा देशी मागुराशी संकर होऊन गावठी वंशच पुसला जाण्याची भीती हे त्या बंदीमागचे एक कारण. इथे संकराचा प्रश्न टाकीच्या बाहेर पडतो आणि शौकिनाची खासगी बाब उरत नाही.

संकराच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणेही पोकळ नाही. संकरित मासा टाकीतच जन्मतो, त्यासाठी सह्याद्रीतला ओढा कुणी उपसत नाही. उलट केरळातली मिस केरला, शास्त्रीय नावाने सह्याद्रिया डेनिसोनी, शुद्ध आणि देशी असल्यामुळेच जंगलातून पकडून पकडून दुर्मीळ झाली. परसातल्या पैदाशीला प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत अनुदान मिळते आणि त्यावर काही घरांचा हातखर्च निघतो. बाजारात बांगड्याचे कल्ले उलटून बघणाऱ्या समाजाने पॅरटच्या तोंडावरून नाके मुरडावीत का, हा प्रश्नही गैरलागू नाही. फरक एवढाच की बांगडा जन्मभर बांगड्यासारखा जगलेला असतो.

उरलेल्या पिल्लांसाठी जाणकार पैदासकार लवंगेचे तेल वापरतात. आधी थोड्या कोमट पाण्यात खळखळून मिसळायचे आणि मग माशाच्या पाण्यात हळूहळू ओतायचे. कमी मात्रेत मासा बेशुद्ध होतो, जास्त मात्रेत पुन्हा उठत नाही. टॉयलेटपेक्षा हे कितीतरी बरे, पण शेकडो पिल्लांना असे मारणे कुणालाच सोसत नाही. म्हणून अनेक जण त्याआधीच हात घालतात. फ्लॉवरहॉर्नची मादी टाकीत ठेवलेल्या शहाबादी फरशीच्या तुकड्यावर अंडी चिकटवते. ती फुटायला दोन-तीन दिवस लागतात. पहिल्याच संध्याकाळी फरशी बाहेर काढून नळाखाली धरली की काम होते. नर दिवसभर रिकाम्या जागेभोवती फिरतो, बोट दाखवले तर काचेवर धडकतो. धुतलेला तुकडा परत ठेवला, की काही आठवड्यांत जोडी तो तोंडाने घासून पुन्हा साफ करायला लागते.