हतान तोरा की हतान बेरेशीत? सिम्हात तोराचे दोन मान

सिम्हात तोरा या ज्यू सणाच्या सकाळी सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, दोन नवरदेव असतात. हिब्रूत ‘हतान’ म्हणजे नवरदेव, आणि नवरी म्हणजे खुद्द तोरा. तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तकं. वर्षभर दर शनिवारी थोडी थोडी वाचत आणलेली ही पुस्तकं त्या दिवशी संपतात आणि त्याच बैठकीत पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. शेवटच्या वाचनासाठी ज्याला पुकारतात तो हतान तोरा आणि पहिल्या वाचनासाठी ज्याला पुकारतात तो हतान बेरेशीत (‘बेरेशीत’ म्हणजे ‘आरंभी’). स्त्रियांनाही पुकारणाऱ्या सिनेगॉगांत त्यांना ‘कल्लत (नवरी) तोरा’ आणि ‘कल्लत बेरेशीत’ म्हणतात. सण इस्राएलमध्ये तिश्री या हिब्रू महिन्याच्या 22 तारखेला येतो आणि इस्राएलबाहेर बहुतेक ठिकाणी 23 ला.

(मराठीत ‘तोरा’ म्हणजे ऐट. इथे त्याचा संबंध नाही, तरी मान वाटणाऱ्या समितीने तो अर्थही ध्यानात ठेवायला हरकत नाही.)

पूर्वी हे मान विद्वानाला किंवा मोठी देणगी देणाऱ्याला मिळत. काही ठिकाणी त्यांचा चक्क लिलाव होई. आता ब्रिटन-अमेरिकेतल्या पुष्कळ सिनेगॉगांत ते वर्षभर बिनपगारी राबणाऱ्यांसाठी राखून ठेवतात. प्रार्थनेनंतरच्या किद्दुशची (द्राक्षारस आणि फराळाची) मांडामांड करणारे, आजाऱ्यांकडे जाणारे, मृताला न्हाऊ घालून कफन चढवणाऱ्या हेव्रा कदिशातले, रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात लहानांना सांभाळणारी पंधरा-सोळा वर्षांची मुलं, अशांची नावं पुढे येतात. आणि इथेच दोन मानांची गल्लत सुरू होते.

पहिली गल्लत मोठ्या-छोट्याची. जुन्या रिवाजात हतान तोराला थोडं वरचं स्थान होतं हे खरं. म्हणून समित्या एक नाव ‘पहिलं’ ठरवतात आणि दुसऱ्याला बेरेशीत देतात, जणू उपविजेता. मग ज्याला बेरेशीत मिळतं त्याला ते बरोबर कळतं. त्यापेक्षा माणसाचं काम पाहावं. वीस वर्षं खजिना सांभाळून आता किल्ल्या सोपवणाऱ्याला समाप्तीचा मान शोभतो. ज्याने यंदाच स्वयंपाकघर हाती घेतलं किंवा नवा वर्ग उभा केला, त्याला आरंभाचा.

दुसरा फरक उभं राहण्याचा, आणि तो फारसा कुणी सांगत नाही. हतान तोराचं वाचन म्हणजे पाचातल्या ‘अनुवाद’ या शेवटच्या पुस्तकातला अध्याय 33 मधल्या 27 व्या ओवीपासून अध्याय 34 च्या अखेरपर्यंतचा भाग, एकूण 15 ओव्या. हतान बेरेशीतचं वाचन ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या ओवीपासून दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या ओवीपर्यंत, म्हणजे 34 ओव्या. शिवाय ‘संध्याकाळ झाली, सकाळ झाली’ हे प्रत्येक दिवसाचं पालुपद सारी मंडळी आधी मोठ्याने म्हणतात आणि वाचणारा ते पुन्हा म्हणतो. गुडघे दुखणाऱ्या ऐंशीच्या आजींना बेरेशीत देऊन बिमाच्या (वाचनाच्या चौथऱ्याच्या) कठड्याला धरून ताटकळत ठेवू नये.

दोघांनाही वाचन स्वतः करावं लागत नाही. वाचणारा वेगळा असतो, पाचारलेल्याने आधी आणि नंतर एकेक आशीर्वचन म्हणायचं. त्यामुळे हिब्रू कच्चं म्हणून कुणाचं नाव गाळायचं कारण नाही. मोठ्या अक्षरात लिप्यंतर केलेलं कार्ड बिमावर ठेवलं की भागतं.

आता किशोरवयीनांचं. सिम्हात तोराला तिसराही एक सामूहिक मान असतो, ‘कोल हानेआरीम’. हतान तोराच्या लगेच आधी सगळ्या लहान मुलांना बिमावर बोलावतात, त्यांच्या डोक्यावर ‘तालीत’ ही प्रार्थनेची शाल पसरतात आणि त्यांच्या वतीने एक मोठा माणूस आशीर्वचन म्हणतो. नंतर उत्पत्ती 48:16 चा आशीर्वाद देतात. ‘पोरांचंही कौतुक झालं’ म्हणून समिती पंधरा वर्षांच्या स्वयंसेवकाला इथेच उभं करते. हे चूक आहे. कोल हानेआरीम बार मित्स्वा न झालेल्यांसाठी, म्हणजे धर्मनियमाने वयात न आलेल्यांसाठी आहे. तेरा पूर्ण झालेला मुलगा धर्मनियमात प्रौढ असतो आणि मिन्यानमध्ये, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला लागणाऱ्या दहा प्रौढांत, मोजला जातो. मुलीचं वय परंपरेने बारा, काही पंथांत तेरा. अशा मुलाने वर्षभर प्रौढासारखं काम केलं असेल तर त्याला चिमुरड्यांच्या तालीतखाली ढकलणं म्हणजे मान देताना वय कापून घेणं. त्याला हतान बेरेशीत खुशाल द्यावं. बहुतेक ऑर्थोडॉक्स (सनातनी) सिनेगॉगांत मुलीला मुख्य वाचनाला पुकारत नाहीत. तिथे तिचा सत्कार वेगळ्या प्रसंगी ठरवावा, पण तोही आधीच ठरवावा, आयत्या वेळी नाही.

बाप आणि मुलगा दोघेही मानकरी असले तर एक अडचण येते. तोरा चर्मपत्राच्या गुंडाळीवर लिहिलेली असते. एकाच गुंडाळीवर बापलेकांना किंवा दोन भावांना लागोपाठ पुकारायचं नाही, दृष्ट लागते, असा रिवाज आहे. इथे गुंडाळ्या दोन वेगळ्या असल्याने अनेक ठिकाणी चालवून घेतात. तरी रब्बींना आधी विचारलेलं बरं. कोहेन (याजकांच्या वंशातला), लेवी (लेवीच्या वंशातला), मग इतर हा क्रम फक्त सुरुवातीच्या पाचारणांना लागू असतो, या दोन मानांना नाही.

तयारीत घोटाळे ठरलेले असतात. पाचारण्याआधी दोघांसाठी दोन वेगळ्या लांबलचक घोषणा आहेत. हतान तोराची ‘मेरेशुत हाएल हागादोल’ अशी सुरू होते, बेरेशीतची ‘मेरेशुत मेरोमाम’ अशी. सुरुवातीचा शब्द एकच असल्याने घाईत पानं बदलतात, म्हणून ती वेगळ्या रंगाच्या कागदावर छापावीत. घोषणेत माणसाचं हिब्रू नाव आणि वडिलांचं (काही ठिकाणी आईचंही) नाव लागतं. अर्ध्या लोकांना ते आठवत नाही आणि घरच्यांना शोधायला वेळ लागतो. रोश हशानापासून, म्हणजे नववर्षापासून, सिम्हात तोरापर्यंत सणांची रांग असते, गब्बाईला (सिनेगॉगच्या कारभाऱ्याला) श्वास घ्यायला फुरसत नसते. म्हणून निवड त्याआधीच्या एलूल महिन्यातच उरकावी. महाराष्ट्रातल्या बेने इस्राएल समाजात अशा कारभाराच्या प्रमुखाला मुकादम म्हणत आले आहेत. नाव काहीही असो, यादी एकाच माणसाच्या हातात हवी.

गुंडाळ्या तीन लागतात. सण लागण्याआधी पहिली अनुवादाच्या शेवटी, दुसरी उत्पत्तीच्या सुरुवातीला, तिसरी सणाच्या खास वाचनासाठी ‘गणना’ या चौथ्या पुस्तकाच्या 29:35 वर लावून ठेवावी. एकच गुंडाळी असली तर शेवटापासून आरंभापर्यंत उलट गुंडाळेस्तोवर मंडळी कंटाळतात आणि बेरेशीतच्या मानकऱ्याचा रंग उतरतो.

प्रशस्तिपत्र, फोटो, भेटवस्तू त्या दिवशी नकोत. सणाच्या दिवशी लिहिणं आणि छायाचित्रं घेणं परंपरेत वर्ज्य आहे. हे सगळं नंतरच्या रविवारी करावं. मिठाई उधळायची असेल तर मऊ आणि कागदात गुंडाळलेली घ्यावी, आणि चर्मपत्र उघडं असताना एकही गोळी उडू नये.

शेवटी हागबा, म्हणजे गुंडाळी उघडून उंच धरणं. स्वयंसेवकांपैकी आणखी दोघांना हा मान देता येतो, पण माणूस पाहून. अनुवादाच्या अखेरीस जवळजवळ सगळं चर्मपत्र उजव्या दांड्यावर असतं, तर उत्पत्तीच्या सुरुवातीला डाव्या. मोठी गुंडाळी दहा किलोंच्या वर सहज जाते. म्हणून बेरेशीतची गुंडाळी ज्याचा डावा हात भक्कम आहे त्यालाच द्यावी आणि दोन्ही बाजूंना एकेक माणूस उभा ठेवावा. गुंडाळी खाली पडली तर पाहणाऱ्यांनी उपास करायचा, अशी प्रथा आहे.