द अस्टॉनिशिंग (अल्बम)

'द अस्टॉनिशिंग' हा ड्रीम थिएटर या अमेरिकन प्रोग्रेसिव्ह मेटल बँडचा तेरावा स्टुडिओ अल्बम. तो 29 जानेवारी 2016 रोजी रोडरनर रेकॉर्ड्सने दोन सीडींच्या संचात बाजारात आणला. दोन अंक, 34 ट्रॅक आणि सुमारे 130 मिनिटे असा त्याचा पसारा आहे. बँडच्या चाहत्यांत इतकी उभी फूट पाडणारी दुसरी कलाकृती त्यांच्या खात्यात नाही. काहींना तो बँडचा सर्वांत धाडसी प्रयोग वाटतो, तर काहींना दुसऱ्या अंकापर्यंतही पोचता येत नाही.

बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी 1985 मध्ये सुरू केलेल्या या बँडची ख्याती वादनाची. वीस-वीस मिनिटांच्या रचना, क्षणाक्षणाला बदलणारी तालचक्रे, गिटार आणि कीबोर्डची जुगलबंदी हे ऐकायला लोक त्यांच्याकडे येतात. अल्बमभर एकच कथा सांगणे त्यांना नवे नव्हते. 1999 चा 'मेट्रोपोलिस पार्ट 2 : सीन्स फ्रॉम अ मेमरी' हा पुनर्जन्म आणि एका जुन्या खुनाची कथा सांगणारा अल्बम आजही या शैलीचा मानदंड समजला जातो. मात्र तिथे कथा वादनाच्या खांद्यावर बसून येते. 'द अस्टॉनिशिंग'मध्ये हे नाते उलटे झाले आणि वादाचे मूळ तिथेच आहे.

कथा गिटारवादक जॉन पेट्रुची यांची. त्यांनी आधी ती पात्रे, प्रदेश आणि घटनाक्रमासह लिहून काढली आणि मग कीबोर्डवादक जॉर्डन रुडेस यांच्यासह बसून संगीत रचले. सगळे गीतलेखनही पेट्रुचींचेच. काळ 2285. 'ग्रेट नॉर्दर्न एम्पायर ऑफ द अमेरिकाज' या साम्राज्यात माणसे गाणे विसरली आहेत आणि संगीताच्या नावाखाली नोमॅक्स नावाचे तरंगते यांत्रिक गोल गोंगाट करतात. रेव्हन्सकिल गावातल्या गेब्रियलला मात्र गाण्याची देणगी आहे. त्याला पाहायला आलेल्या सम्राट नाफेरियसची मुलगी फेथ त्याच्या प्रेमात पडते. गेब्रियलला तीन दिवसांत हवाली करा, नाहीतर गाव उद्ध्वस्त करू, असे सम्राट फर्मावतो. गेब्रियलचा भाऊ एरिस बंडखोर सैन्याचा प्रमुख असतो. आपल्या लहान मुलाला सुखाचे आयुष्य मिळावे म्हणून तो राजपुत्र डेरियसशी भावाचा सौदा करतो, ऐनवेळी माघार घेतो आणि डेरियसच्या हातून मारला जातो. वेषांतर करून आलेल्या आपल्या बहिणीवर, फेथवरही डेरियस चुकून वार करतो. गेब्रियलच्या आक्रोशाने डेरियस बहिरा होतो, खुद्द गेब्रियलचा आवाज जातो. शेवटी हजारो कंठांच्या गाण्याने त्याचा आवाज परततो, फेथ जगते आणि सम्राट यंत्रे बंद करतो.

ही कथा भोळी आहे, हा आक्षेप खोडून काढणे कठीण आहे. नाफेरियस हे नाव 'दुष्ट' या अर्थाच्या इंग्रजी विशेषणावर बेतलेले, फेथ म्हणजे श्रद्धा आणि गेब्रियल तर देवदूताचेच नाव. कोण खल आणि कोण नायक हे नावांवरूनच कळते. अपवाद एरिसचा. मृत पत्नीला दिलेला शब्द, मुलाची काळजी आणि भावावरची माया यांत ओढला जाणारा हा माणूस सबंध कथेत एकटाच खऱ्या पेचात सापडलेला आहे. त्याच्याभोवतीची 'द एक्स ॲस्पेक्ट' आणि 'द पाथ दॅट डिव्हाइड्स' ही गाणी अल्बमच्या सर्वांत जिवंत भागांत मोडतात, हा योगायोग नसावा.

सगळी पात्रे बँडचे गायक जेम्स लाब्री यांनी एकट्याने गायली आहेत. सम्राट, राणी, राजकन्या, गावकरी, सगळे तेच. रॉक ऑपेरात, म्हणजे रॉक गाण्यांतून सलग कथा सांगणाऱ्या प्रकारात, पात्रागणिक वेगळा गायक घेण्याची पद्धत असताना हा निर्णय आडवळणाचा होता. आपल्याकडे कीर्तनकार आख्यानात एकटाच रावण होतो आणि सीताही होतो, तसेच काहीसे. पण कीर्तनकार समोर उभा असतो. इथे डोळ्यांपुढे कोणी नसते आणि गीतपुस्तिका हाती नसेल तर संवाद नेमका कोणाचा ते पटकन उमगत नाही. नाफेरियससाठी काढलेला खर्जातला, किंचित नाटकी आवाज काहींना फार आवडला, काहींना हास्यास्पद वाटला.

वाद्यवृंद आणि समूहगानाची मांडणी डेव्हिड कॅम्पबेल यांची. प्रागचा खराखुरा वाद्यवृंद आणि वेगवेगळे गायकवृंद त्यासाठी ध्वनिमुद्रित झाले. ध्वनिमुद्रण-मिश्रण रिचर्ड चिकी यांचे आणि निर्मिती पेट्रुचींची. पियानो आणि तंतुवाद्यांवर चालणारी संथ गाणी इतकी आहेत की बराच वेळ आपण मेटल ऐकतो आहोत हे विसरायला होते. गिटारचे सोलो (एकल वादनाचे तुकडे) आखूड, रुडेस यांचा भर सिंथेसायझरपेक्षा पियानोवर, माइक मँजिनी यांचे ड्रम गाण्यामागे राहणारे, जॉन मायुंग यांचा बास तर कित्येकदा कान देऊन शोधावा लागतो. ज्यांच्या हातांची करामत ऐकायची, त्यांनीच हात आवरते घेतलेले. 34 पैकी पाच ट्रॅक निव्वळ नोमॅक्सच्या खरखरीचे आहेत. कथेला ते हवेत, पण दुसऱ्यांदा ऐकताना बहुतेक जण ते ओलांडून पुढे जातात.

तरी 'अ न्यू बिगिनिंग'च्या शेवटचा सोलो पेट्रुचींच्या उत्तम सोलोंमध्ये गणावा असा आहे. 'मोमेंट ऑफ बिट्रेयल'मध्ये जुना, आक्रमक ड्रीम थिएटर डोके वर काढतो आणि 'द एक्स ॲस्पेक्ट'च्या अखेरीस येणारी बॅगपाइप अंगावर काटा आणते. दुसऱ्या अंकाचा उत्तरार्ध मात्र एकामागून एक येणाऱ्या हळव्या गाण्यांनी रेंगाळतो. तासाभराची काटछाट झाली असती तर विरोधकांची संख्या बरीच घटली असती.

प्रसिद्धीचा प्रयोगही वेगळा होता. अल्बम येण्याआधी चाहत्यांना साम्राज्य आणि रेव्हन्सकिलचे बंडखोर यांतली एक बाजू निवडायला लावली गेली आणि पात्रे व नकाशा हप्त्याहप्त्याने उलगडत गेला. पहिले गाणे, 'द गिफ्ट ऑफ म्युझिक', डिसेंबर 2015 मध्ये आले. अमेरिकेतल्या लोकप्रिय अल्बमांच्या बिलबोर्ड 200 यादीत अल्बम अकराव्या स्थानापर्यंत पोचला.

त्यानंतरच्या दौऱ्यात बँडने आणखी एक धोका पत्करला. फेब्रुवारी 2016 मध्ये लंडनच्या पॅलेडियम नाट्यगृहापासून पुढे सबंध अल्बम पहिल्या ट्रॅकपासून शेवटच्यापर्यंत क्रमाने, पडद्यावरील दृश्यांसह सादर झाला. उभे राहून माना हलवणाऱ्या श्रोत्यांना खुर्चीत बसून नाटक पाहावे लागले आणि जुन्या लोकप्रिय गाण्यांच्या फर्माइशीला जागाच उरली नाही. 2017 चा दौरा आला तो 1992 च्या 'इमेजेस अँड वर्ड्स' या अल्बमची पंचविशी साजरी करायला.

पुढचा अल्बम, 2019 चा 'डिस्टन्स ओव्हर टाइम', जवळपास तासाभरात आटोपतो. त्यात ना कथा, ना वाद्यवृंद. न्यूयॉर्क राज्यातल्या मॉन्टिसेलो इथे पाचही जण एकत्र राहिले आणि तिथेच गाणी रचून ध्वनिमुद्रित केली. या खेपेला मँजिनी आणि मायुंग यांनीही गीते लिहिली.