घसरत वळणारी गाडी आणि नॉर्वेचा रुने होल्टा

ब्रेक नाही, गिअर एकच आणि वळण कायम डावीकडे. नॉर्वेतल्या स्टॅव्हँगरमध्ये १९७३ साली जन्मलेला रुने होल्टा अशा मोटरसायकलवर चाळिशी उलटल्यावरही शर्यती खेळत होता. या खेळाचं नाव स्पीडवे. मातीचा लंबगोल ट्रॅक, चार स्वार, चार फेऱ्या. जेमतेम मिनिटभरात सगळं आटोपतं. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १ आणि शेवटच्याला भोपळा.

ब्रेक नसणं ऐकायला वेडेपणाचं वाटतं, पण त्यात शहाणपण आहे. चौघेजण एकमेकांना खेटून वळत असताना पुढच्याने करकचून ब्रेक मारला, तर मागचे तिघे त्याच्यावरच आदळतील. कुणालाच एकाएकी थांबता येत नाही, म्हणून सगळे त्यातल्या त्यात सुरक्षित.

मग गाडी वळते कशी? थोडा हिशेब करू. वळणाची त्रिज्या ३० मीटर आणि वेग ताशी ६५ किलोमीटर धरला, तर गाडीला आतल्या बाजूला दर सेकंद-वर्गाला सुमारे १०.९ मीटर इतकं त्वरण हवं. म्हणजे गुरुत्वत्वरणापेक्षाही थोडं जास्तच. सैल मातीवर रबराच्या नुसत्या घर्षणाने एवढं साधत नाही. ट्रॅकला असलेला किंचित उतार मदत करतो, पण तोही पुरत नाही.

इथे मागचं चाक कामाला येतं. स्वार वळणाच्या तोंडाशी गाडीचं शेपूट मुद्दाम बाहेर फेकतो, त्यामुळे गाडीचं नाक वळणाच्या आत रोखलेलं राहतं. आता इंजिनचा सगळा रेटा पुढे जात नाही. त्यातला बराचसा गाडीला वळणाच्या केंद्राकडे ढकलतो. जोरात फिरणारं चाक नांगराच्या फाळासारखं माती उकरतं आणि मागे-बाहेर भिरकावतं. माती बाहेर गेली की न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने गाडी आत. मागून येणाऱ्याच्या तोंडावर ही माती थेट बसू नये म्हणून मागच्या चाकाला जमिनीलगत आडोसा लावावा लागतो. पुढचं चाक मात्र उजवीकडे वळलेलं दिसतं आणि नवखा प्रेक्षक इथेच चक्रावतो. त्यात गूढ काही नाही: गाडीचं तोंड आत असलं तरी ती प्रत्यक्षात ज्या दिशेने सरकते आहे, त्याच दिशेला पुढचं चाक धरलेलं असतं. डाव्या बुटाखाली पोलादी पट्टी असते, तो पाय जमिनीवर घासत नेतात.

या सगळ्याचा लगाम थ्रॉटलमध्ये. घाबरून गॅस सोडला की चाकाचं गरगर फिरणं थांबतं, टायर एकदम पकड घेतो, गाडी झटक्यात सरळ होते आणि समोर कुंपण! भीती वाटली तरी गॅस धरून ठेवायचा, हे शरीराला शिकवायला वर्षं लागतात.

इंजिन एकाच सिलिंडरचं, ५०० सीसीपर्यंतचं, आणि इंधन मिथेनॉल. पेट्रोल जाळायला वजनाच्या साधारण पंधरापट हवा लागते, मिथेनॉलला साडेसहापट पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेत दुपटीहून जास्त इंधन ओतता येतं. वाफ होताना मिथेनॉल भरपूर उष्णता शोषतं, त्यामुळे इंजिन आतून थंड राहतं आणि दाब वाढवला तरी ठोके मारत नाही. एक वाईट गोष्ट म्हणजे त्याची ज्वाळा भर उन्हात जवळजवळ दिसतच नाही.

मला स्वतःला इंजिनपेक्षा माती जास्त रंजक वाटते. मातीचे कण किंचित ओले असले की त्यांच्यामधल्या पाण्याचा पृष्ठताण त्यांना धरून ठेवतो आणि चाकाला रेटा द्यायला काहीतरी मिळतं. पार कोरडी झाली की धूळ, फार भिजली की चिखल. म्हणून शर्यतींच्या मधे ट्रॅक्टर येऊन माती सारखी करतो, पाणी मारलं जातं. तरीही संध्याकाळ चढते तशी माती कुंपणाकडे फेकली जाते. आतली वाट गुळगुळीत होते, बाहेरची लांब पण पकडीची. आतून जवळचा रस्ता घ्यायचा की बाहेरून वेग घ्यायचा, हे दर शर्यतीला नव्याने ठरतं. गिअर एकच असल्यामुळे, माती बदलली की मेकॅनिक मागचं स्प्रॉकेट, म्हणजे साखळीचं दातेरी चक्र, बदलून देतो.

म्हणूनच या खेळात वय झालेला स्वार टिकतो, असं मला वाटतं. तरुणाचे हात चपळ असतील, पण त्याने माती कमी पाहिलेली असते.

नॉर्वेत उन्हाळा छोटा, त्यामुळे तिथल्या स्वारांना पोटासाठी बाहेर पडावं लागतं. स्वेरे हार्रफेल्ट लंडनच्या वेस्ट हॅमकडून खेळला आणि १९६६ साली गॉथेनबर्गच्या जागतिक अंतिम फेरीत न्यूझीलंडच्या बॅरी ब्रिग्जच्या मागे दुसरा आला. पुढे जगज्जेता ठरवणाऱ्या ग्रां प्री मालिकेची फेरीच नॉर्वेत आली, २००२ ते २००४ अशी तीन वर्षं, तीही हामारच्या ऑलिम्पिक स्केटिंगच्या सभागृहात. तिथे बर्फाच्या जागी माती आणून पसरली होती. स्केटिंगवालेही डावीकडेच वळतात, हा योगायोग!

होल्टाने पोलंड गाठलं. तिथे स्पीडवेला भरगच्च स्टेडियमं लाभतात. चेन्स्टोहोवाच्या क्लबमध्ये तो रुळला, पुढे पोलंडचं नागरिकत्व घेतलं. २००७ साली लेश्नोमध्ये पोलंडने सांघिक विश्वचषक जिंकला तेव्हा टोमाश गोलोब आणि यारोस्वाव हाम्पेल यांच्या जोडीला संघात हा नॉर्वेत जन्मलेला स्वारही होता. २०१० साली डेन्मार्कमधल्या वोयेन्सच्या ट्रॅकवर त्यांनी तो चषक पुन्हा जिंकला.